लाल दिव्याचं दुसरं काम

जुन्या गाडीत चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधीच डॅशबोर्डवर दोन लाल दिवे लागतात, एक ऑईलचा आणि एक चार्जिंगचा. इंजिनने ताल धरला की दोन्ही विझतात. बटणाएवढे हे बल्ब पिवळट पडले, कधी लागेनासे झाले, की मालकाला एलईडी सुचतात. बल्ब तापतो, मागचं प्लॅस्टिक पिवळं करतो, खड्ड्यांनी त्याची तार तुटते. नसरापूरहून वेल्ह्याला किंवा भोरहून वरंध घाटाकडे नियमित जाणाऱ्या गाडीत तर ती तुटायचीच. एलईडीला तारच नाही आणि वीजही दशांशाने लागते. एरवी एलईडी आणि जुनी गाडी एकाच पिढीचे: लाल एलईडी १९६२ चा, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे पद्मिनी झालेली फियाट ११०० डिलाइट १९६४ ची. मग बदलायला हरकत काय? ऑईलच्या दिव्याला माझी काहीच हरकत नाही. तिथे तेलाचा दाब कमी असला की इंजिनवरचा स्विच अर्थ जोडतो आणि दिवा लागतो. एवढंच काम. एलईडी उलटा बसला तर लागणार नाही, फिरवून बसवला की झालं. लाल काचेमागे मात्र पांढरा न घालता लालच घालावा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल कमी असतो, दिवा मरगळलेला दिसतो.

चार्जिंगच्या दिव्याचं तसं नाही. बऱ्याच जुन्या अल्टरनेटर-गाड्यांत तो दिवा तर आहेच, शिवाय विजेची वाटही आहे. अल्टरनेटरच्या फिरत्या भागात चुंबकत्व जेमतेम उरलेलं असतं. सुरुवातीला त्याला बाहेरून थोडी वीज लागते, आणि ती चावीकडून याच बल्बमधून जाते. सव्वादोन वॅटच्या बल्बमधून पावणेदोनशे-दोनशे मिलिअँपिअर मिळतात, एलईडीतून वीसेक. एवढ्याशा पाण्यावर पाट वाहत नाही. रेस दिल्याशिवाय चार्जिंग धरतच नाही, आणि एलईडी उलटा बसला असेल तर ना वीज जाते ना दिवा लागतो. विझलेला दिवा म्हणजे सगळं ठीक, ही ज्याची सवय, त्याला हे कळणार कसं? पावसाळी संध्याकाळी धुकं उतरलं की हेडलाइट, वायपर, इग्निशन मिळून पंधराएक अँपिअर खातात. पस्तीस अँपिअर-तासांची नवी बॅटरीसुद्धा त्याखाली दोनएक तासांत गळपटते, मग पाबे घाटातलं वळण असो की वरंधचं.

कोणी म्हणेल, जुन्या डायनॅमोच्या गाडीला हे लागू नाही. खरं आहे, डायनॅमो स्वतःच्या उरलेल्या चुंबकत्वावर उठतो, बल्बच्या मेहेरबानीवर नाही. विलिसच्या जुन्या जीपमध्ये तर दिव्याऐवजी ॲमीटरचा काटाच होता. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: तार तुटलेला बल्बही वाट बंदच करतो, मग त्याचं कौतुक कशाला? हा मुद्दा मला मान्य करावाच लागतो. म्हणून उपाय बल्ब जपण्यात नाही, त्याचं दुसरं काम वेगळं काढण्यात आहे. एलईडीला समांतर ६८ ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर जोडला की तेवढीच वीज त्यातून जाते आणि उद्या एलईडी मेला तरी अल्टरनेटर उठतो. दोन वॅटची उष्णता तेवढी त्याच्याकडे येते, म्हणून तो वायरींच्या जुडग्याला न टेकवता मोकळ्या जागी, पत्र्याला धरून बसवावा.

इंडिकेटरचा दिवाही असाच फसवा. काही गाड्यांत डाव्या-उजव्यासाठी एकच बल्ब असतो, दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये टांगलेला. वीज कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे. एलईडी एकाच दिशेने पेटतो, म्हणजे डावीकडे डोळे मिचकावतो आणि उजवीकडे गप्प बसतो. तिथे जुना बल्बच बरा.

आणि चार्जिंगच्या वायरीवर रेझिस्टर बसवलाच, तर तिथे एक चिठ्ठी बांधावी. पुढच्या वेळी डॅशबोर्डखाली हात घालणारा इलेक्ट्रिशियन तो तापलेला तुकडा फालतू समजून पहिल्यांदा कापतो.