शिवणे

मराठीतल्या 'शिवणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक स्पर्श करणे, दुसरा टाका घालणे. उर्दूत त्यासाठी 'छूना' आणि 'सीना' असे वेगवेगळे शब्द. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, पण राहतो लालबागला. त्यामुळे दोन्ही भाषा रोज तोंडात असतात. तरीही या एका शब्दाची ताकद आम्हांला कोरोनाने शिकवली.

मार्च 2020 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सूचना काढल्या. मृतदेहाला आंघोळ घालू नये, मिठी मारू नये, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे. साथच तशी होती. तक्रार कुणाकडे करणार? आमचे मामू त्याच वर्षी गेले. ना गुस्ल, ना घरच्यांचा खांदा. मुमानीला त्यांना शेवटचे शिवताही आले नाही.

राहिले ते कपडे. मरहूमचे कपडे गरिबाला देण्याचा आपल्याकडे रिवाज. पण साथीत गेलेल्याचे कपडे घेणार कोण? कापडावरचा हा संशय या शहरात जुनाच आहे. 1896 साली मांडवीत प्लेग निघाला, तेव्हाही रोग्यांचे अंथरूण-पांघरूण जाळून टाकत. मुमानीने सदरे धुतले, उन्हात घातले आणि ट्रंकेत ठेवले.

अमेरिकेत एड्सच्या साथीतही असेच झाले होते. रोग्याला शिवायला माणसे घाबरत. मय्यत घ्यायलाही कित्येक ठिकाणी नकार मिळे. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे क्लीव्ह जोन्स आणि त्यांच्या साथीदारांनी गेलेल्यांच्या नावांची गोधडी शिवायला घेतली. एकेक तुकडा 3 फूट रुंद, 6 फूट लांब, म्हणजे एका कबरीएवढा. त्यात कुणाचा शर्ट, कुणाच्या आईची भरतकामाची अक्षरे. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर असे 1,920 तुकडे अंथरले गेले. आज तुकडे 50,000 च्या आसपास आहेत आणि नावे 1,10,000 हून अधिक. ज्यांना कुणी शिवत नव्हते, त्यांना असे शिवले गेले.

लालबागला गोधडी शिकवावी लागत नाही. आमचे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. 1982 चा संप लांबला, तेव्हा घरात नवे पांघरूण आले नाही; जुन्या कपड्यांच्या गोधड्यांवर थंडी काढली. 2021 च्या हिवाळ्यात शेजारच्या काकू मुमानीला म्हणाल्या, "भाभी, सुती कापड आहे, ट्रंकेत कुजेल. द्या इकडे." मुमानीने दोन दिवस विचार केला, मग ट्रंक उघडली. काकूंनी अस्तराला आपले जुने लुगडे दिले. चाळीच्या गॅलरीत बसून दोघींनी महिनाभर धावदोरा घातला.

घरातल्या एका बुजुर्गांना हे पटले नाही. "गेलेल्या माणसाची अशी निशाणी कशाला? दुआ पुरेशी आहे," ते म्हणाले. दुआ तर आहेच. कफनाला शिलाई नसते. त्या बिनशिवल्या कापडात माणूस अल्लाहच्या हवाली होतो, त्यावर नाव नसते आणि ते योग्यच आहे. पण गोधडी मय्यतीसाठी नाही. ती मागे राहिलेल्यांसाठी आहे. मामूंच्या गोधडीवरही नाव नाही. नातवंडे ती रात्री ओढाओढी करून पांघरतात आणि निळ्या चौकड्यावर बोट ठेवून सांगतात, हा नानांचा ईदचा सदरा.

या पानांच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी त्या दोन वर्षांतली अशी ट्रंक अजून बंद असेल. ती उघडावी. कापड फार दिवस घडीत राहिले की घडीवरच फाटते.