गुंता खालचा, दोष वरचा

आमच्या नंदिगड्ड्यात वळिवाचा पाऊस आला की आधी वीज जाते. त्यामुळे आईचे शिलाई मशीन जुने आहे आणि पायाने चालते, याचे मला कधी वाईट वाटले नाही. सिंगरचे ‘३१के’ जातीचे, दर्जींच्या दुकानांसाठी आणि कारखान्यांसाठी बनवलेले ते काळे, अवजड धूड. त्यातला ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधला किलबोवीचा कारखाना. तो १९८० साली बंद पडला. मशीन मात्र चालू आहे. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवले होते, हे वाचल्यापासून तर मी त्याच्याकडे आदराने पाहू लागले. आदर अर्थात लांबूनच. त्याला हात लावायची मला मनाई होती. “तू शीक. हे माझ्यापुरतं पुरे,” असे आई म्हणे.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आई तापाने आडवी झाली. शाळा उघडायला चार दिवस राहिलेले आणि मुलांच्या गणवेशांचे ११ जोड कापून ठेवलेले. कापड लोकांचे. आगाऊ घेतलेले पैसे औषधाला गेलेले. मी आईला न विचारता मशीनवर बसले.

पहिली शिवण वरून छान दिसली. उलटून पाहते तो खाली केसांच्या गुंतवळासारखा दोऱ्याचा गोळा! गुंता खाली आहे म्हणजे दोष खालच्या बॉबिनमध्येच, असा मी सरळ हिशेब केला. बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू आवळला. गुंता तसाच. आणखी आवळला, मग चिडून सैल केला. तो इतका सैल झाला की निसटला आणि सारवलेल्या जमिनीवर कुठे गेला ते कळेना. तिळाएवढा स्क्रू, रात्रीचे नऊ वाजलेले, वीज गेलेली आणि दुकान दांडेलीला. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधले लोहचुंबक काढून मी जमिनीवर फिरवत बसले. दोन सुया निघाल्या, एक टाचणी निघाली. स्क्रू चौथ्या फेरीला सापडला.

तोवर आई जागी झाली होती. सगळे सांगावेच लागले. मला वाटले, आता बोलणी बसणार. तिने एवढेच विचारले, “गुंता वर की खाली?”

“खाली.”

“मग खाली काय शोधतेस? केळगे अल्ल, मेले नोडु!”

खाली नाही, वर बघ. दांडेलीत ज्या कानडी दर्जीकडे ती शिवण शिकली, त्यांचे हे वाक्य. आई एरवी घरात कानडी बोलत नाही. मशीनशी मात्र बोलते.

मग तिने अंथरुणातूनच समजावले. सुई वरचा दोरा खाली नेते, तिथे तो बॉबिनच्या दोऱ्याला वेढा घालतो आणि वर-खाली नाचणारा दांडा त्याला पुन्हा वर ओढून घेतो. वरच्या दोन चकत्या दोरा दाबून धरतात म्हणून तो ताठ राहतो. चकत्यांनी धरलाच नाही, तर ढिला दोरा वर ओढला जात नाही, खालीच साचतो. म्हणजे मी ज्याला बॉबिनचा गुंता समजत होते, तो वरच्याच दोऱ्याचा होता. तेरीज जुळेना म्हणून मी भलत्याच खात्यातला आकडा फिरवत होते! असे करणाऱ्याला आमचे सर किती गुण देतात, ते वर्गाला ठाऊक आहे.

कापड दाबणारा पाय उचलून दोरा काढला आणि चकत्यांमधून चिंधीची पट्टी फिरवली. गंजाची भुकटी निघाली आणि पाठोपाठ तुटलेल्या दोऱ्याचा अर्ध्या इंचाचा तुकडा. त्या तुकड्यामुळे चकत्या मिटतच नव्हत्या. सुईसुद्धा आईने तपासायला लावली. या मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो, घरगुती सुईसारखी त्याला सपाट बाजू नसते, म्हणून ती कशीही फिरून बसू शकते. लांब खाच दोरा ज्या बाजूने सुईत ओवतात त्या बाजूलाच हवी. ती बरोबर होती.

उरले माझ्या हाताने बिघडवलेले काम. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडायची. हलका झटका दिला की थोडीशी उतरून थांबली पाहिजे. माझी थेट जमिनीकडे धावली. स्क्रू पाव-पाव फेरा आवळत ती ताळ्यावर आणली. मग वर पांढरा आणि खाली लाल दोरा घालून चिंधीवर टाके घातले. खाली पांढरे ठिपके दिसले तर वरचा नट आवळायचा, वर लाल दिसले तर सैल करायचा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात लपली की झाले. हे मला सहाव्या चिंधीला जमले. कंदिलाच्या उजेडात लाल ठिपका काळाच दिसतो, हेही त्या रात्री कळले.

शाळा उघडायच्या आदल्या रात्रीपर्यंत नऊ जोड झाले, उरलेले दोन दुसऱ्या दिवशी. आई उठल्यावर तिने एका चड्डीची शिवण उलटून पाहिली, नखाने ओढून पाहिली आणि घडी घालून ठेवून दिली. आता सुट्टीत घरी गेले की मशीन पुसून तेल घालणे माझ्याकडे असते. शिवायला मात्र ती अजून बसू देत नाही.