पाणी किती फुटांवर?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी एकच विचारपूस होते. "पाणी किती फुटांवर आहे?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांनाही हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. कितीला पाणी कुठल्या चौकात येतं, कितीला कुणाच्या उंबऱ्याला लागतं, हेही ठाऊक असतं. नदीला भिणाऱ्या या गावानं भीती कधी नाकारली नाही. त्यानं भीतीला आकडा दिला, आणि त्या आकड्याला शेजारी ठेवून ते जगत आलं.

हे शहाणपण दारात वाहत होतं, पण ते माझ्या हाती लागायला चाळिशी उलटावी लागली.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, तासगावच्या पेठेत भांड्यांचं दुकान होतं. रात्री साडेआठ वाजले की ते गल्ल्यावरून उठायचे, लक्ष्मीच्या तसबिरीला हात जोडायचे आणि म्हणायचे, "चला, दुकान वाढवू या." दुकान बंद करू असं ते कधीच म्हणाले नाहीत. आपल्या भाषेत कुंकू पुसत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संपण्याचं नाव घ्यायचं नाही, हा जुन्या लोकांचा रिवाज. मी सहावीत होते. एका रात्री अप्पांनी तेच शब्द उच्चारले, रोजच्यासारखं कुलूप लावलं. पण त्या रात्री लक्ष्मीची तसबीर त्यांच्या काखेत होती. ते दुकान पुन्हा उघडलं नाही.

उधारीनं दुकान बुडालं, एवढं मला कानावर पडून कळलं. घरात त्यावर कुणी बोललं नाही. मला आठवते ती अप्पांची चालण्याची वाट. पेठेतून घरी यायला पाच मिनिटं लागत. दुकान गेल्यावर अप्पा मागच्या गल्लीनं येऊ लागले. तिथे एका बाजूला गोठे, दुसऱ्या बाजूला घरांच्या पाठी, मोऱ्यांचं पाणी. दुप्पट लांबची वाट. पुढे ते एका वखारीत हिशेब लिहायला जाऊ लागले, तरी वाट तीच. मी विचारलं तर म्हणायचे, "इकडं सावली असते."

आई मला म्हणायची, "बाई, तू नोकरीच धर. आपल्या रक्तात धंदा नाही." मी बी. कॉम. झाले, लग्न होऊन सांगलीला आले आणि पलूसच्या बाजूला एका संस्थेत हिशेबनीस म्हणून लागले. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचा नफा आणि दुसऱ्यांचा तोटा स्वच्छ अक्षरात लिहिला. आज मागे बघते तेव्हा दिसतं, त्या एकोणीस वर्षांत मीही मागच्या गल्लीनंच चालत होते.

माझ्या हाताला एक गोष्ट येत होती, कांदा-लसूण चटणी. चैत्राचं ऊन चढलं की गच्चीवर मिरची पडायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठ काढायचे, धणे, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजायचं, कांदा तांबूस होईपर्यंत परतायचा, आणि सगळं कांडपाच्या गिरणीत न्यायचं. पुण्यामुंबईचे नातेवाईक किलोकिलोनं न्यायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, एवढी मागणी आहे तर विकत का नाहीस?" साधा प्रश्न होता. त्या प्रश्नानं माझी दोन वर्षं झोप नेली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर जी भीती यायची तिला चेहरा नव्हता, वजन नव्हतं. होते ते फक्त शब्द. धंद्यात अपयश आलेल्या माणसासाठी मराठीत किती शब्द आहेत! बुडाला, बसला, आपटला, टाळं लागलं, गाशा गुंडाळला, दिवाळं निघालं. शाळेतल्या अपयशाला मात्र एकच शब्द, नापास, आणि आमच्या वेळी त्या शब्दाच्या पाठोपाठ लगेच दिलासा यायचा, "ऑक्टोबरला बसता येईल." धंद्यात बुडालेल्याला ऑक्टोबर नाही, अशी आपली समजूत आहे. पैसे जातील ही भीती मला फारशी नव्हती, पैशाचा हिशेब मला येत होता. भीती होती ती पेठेतून चालता न येण्याची.

नोकरीसाठी मी रोज किर्लोस्करवाडी स्टेशनवर उतरायचे. फलाटावरची ती पाटी मी हजारो वेळा वाचली असेन. त्या दोन वर्षांत ती वेगळी दिसू लागली. ज्यांच्या नावानं ही वाडी वसली ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले, आणि डोळ्यांना काही रंग नीट कळत नाहीत म्हणून ती सोडावी लागली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवताना हक्काची बढती दुसऱ्याला गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात शिरले. मग लोखंडी नांगर. तो शेतकऱ्यांनी घेतला नाही. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे बेळगावात नवी वसाहत वसवायची होती, म्हणून तिथली कारखान्याची जागाही त्यांना सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, आणि 1910 साली निवडुंग तोडून तिथे वसाहत उभी राहिली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आत्मचरित्राला नाव दिलं, 'कॅक्टस अँड रोझेस'. त्यातला निवडुंग या माळावर खरोखरच होता.

लोक ही गोष्ट सांगताना नांगर विकला गेला तिथपासून सुरू करतात. माझं मन मात्र आधीच्या दोन वर्षांत अडकलं. रोज सकाळी कारखाना उघडायचा आणि न विकलेले नांगर समोर बघायचे. न विकलेला माल मालकाकडे टक लावून बघत असतो, हे मी अप्पांच्या दुकानात लहानपणी पाहिलं होतं. लक्ष्मणरावांना त्या काळात भीती वाटली नसेल, असं मला वाटत नाही. वाटली असणार. आणि ती असतानाच ते दार उघडत राहिले.

एका रविवारी मी तासगावला गेले आणि अप्पांना सरळ विचारलं, "अप्पा, आपलं दुकान गेलं तेव्हा नेमकं किती देणं होतं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आत जाऊन ट्रंकेतून लाल कापडाची खतावणी घेऊन आले. "वाच," म्हणाले, "तू हिशेबनीस आहेस."

मी वाचू लागले. घाऊक व्यापाऱ्यांची नावं, त्यांचं येणं. एकूण देणं 41,300 रुपये. त्याखाली वखारीच्या पगारातून दर महिन्याला फेडलेली रक्कम, कधी 400, कधी 600, एका दिवाळीत फक्त 150. सहा वर्षं एकही महिना चुकलेला नव्हता. शेवटच्या पानावर अप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बाकी निरंक'. खाली दुहेरी रेघ.

आमच्या घरावर ज्याची सावली एवढी वर्षं पडून होती, ज्याच्या धाकानं मी आयुष्याचा रस्ता निवडला, त्याचं मोजमाप एवढंच होतं, 41,300. आणि तेही मी बारावीत असतानाच फिटलं होतं. अप्पांनी एकाचाही पैसा बुडवला नव्हता. तरी बाकी निरंक झाल्यावरही ते मागच्याच गल्लीनं चालत राहिले, कारण ती खतावणी कुणासमोर कधी उघडलीच गेली नाही. देणं संपलं होतं, लपवणं संपलं नव्हतं.

'दिवाळं' या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत; पण एक जुनं स्पष्टीकरण त्याचं नातं दिव्याशी जोडतं. व्यापारी बुडाला की तो आपल्या दुकानात मोठा दिवा लावून ठेवी आणि काही काळ दूर जाई. तेवढ्यात धनको हिशेब पाहून घेत, वाटणी ठरे. हे वाचलं तेव्हा मी थबकले. ज्या शब्दाला आपण इतके भितो त्याच्या मुळाशी कदाचित दिवा आहे. बुडालेल्यानं अंधार करायचा नाही. उजेड करायचा, म्हणजे काय गेलं आणि काय उरलं ते सगळ्यांना दिसेल.

तासगावहून परतले आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर पातळ्या लिहिल्या. धंद्यासाठी 1 लाख 20 हजार रुपये बाजूला काढायचे, घरखर्चाचे आठ महिन्यांचे पैसे वेगळे. 40 हजारांचा तोटा म्हणजे इशारा: नवा माल भरायचा नाही, आधी येणी वसूल. 1 लाखाचा तोटा म्हणजे धोका: काम थांबवायचं, नोकरी शोधायची, कुणाचंही देणं ठेवायचं नाही. मग ते पान मी नवऱ्याला वाचून दाखवलं, सासूबाईंना, दोन्ही मुलांना. मुलगी म्हणाली, "म्हणजे बुडालं तर काय करायचं ते आधीच ठरलंय?" हो, ठरलं होतं. त्या रात्री मी शांत झोपले. भीती गेली नव्हती. पण आता तिची जागा ठरली होती, आणि ती त्या पानावर होती.

मार्च 2018 मध्ये नोकरी सोडून घराच्या खालच्या खोलीत सुरुवात केली. अन्नपदार्थाची नोंदणी लहान उत्पादकाला तेव्हा वर्षाला 100 रुपयांत मिळायची. जिला दोन वर्षं डोंगर समजत होते ती एका अर्जाची गोष्ट निघाली. पहिले तीन दिवस भवानी झाली नाही. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपण देवीचं नाव दिलं आहे, ते किती समजून दिलंय हे त्या तीन दिवसांत कळलं. चौथ्या दिवशी समोरच्या गल्लीतल्या काकू आल्या आणि पाव किलो घेऊन गेल्या. ती नोट मी कपाळाला लावली. आठवड्यानं त्या परत आल्या, म्हणाल्या, "चव चांगली आहे गं, पण मीठ वर येतंय." मी मीठ कमी केलं. अपयश बहुतेक वेळा एवढंसंच असतं, आणि एवढ्याच सौम्य आवाजात येतं. ऐकलं तर.

मग ऑगस्ट 2019 आला. पाणी 40 वर गेलं, 45 वर गेलं. आमच्या उंबऱ्याला साधारण 47 ला लागतं, म्हणून मी माल खालच्या खोलीत वरच्या फळ्यांवर चढवला. जुन्या अनुभवानं तेवढं पुरेसं होतं. पण त्या वर्षी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आम्ही नावेतून बाहेर पडलो. आठवड्यानंतर परत आलो तेव्हा खोलीत गुडघाभर गाळ होता. 160 किलो चटणी, मिरचीची पोती, काटा, पिशव्या सीलबंद करायचं यंत्र, सगळं त्या गाळात.

निरोप मिळताच अप्पा तासगावहून आले, फावडं घेऊन. वय 76. दोन दिवस त्यांनी माझ्याबरोबर गाळ काढला. बाहेर साऱ्या शहराचं नुकसान रस्त्यावर पडलं होतं: कापडाचे गठ्ठे, भिजलेल्या वह्या, औषधं, गाद्या. दुकानदार एकमेकांना मोठ्यानं विचारत होते, "तुमचं किती गेलं?" आणि समोरचा आकडा सांगत होता. कुणी आवाज खाली घेत नव्हतं, कुणी मागच्या गल्लीत शिरत नव्हतं. अप्पा फावडं टेकवून ते ऐकत उभे राहिले. खूप वेळ.

संध्याकाळी मी वही उघडली. माझं नुकसान 86,400. इशाऱ्याच्या खूप वर, धोक्याच्या खाली. पहिल्या पानावर लिहिल्याप्रमाणे नवा माल भरला नाही. येणी वसूल केली, त्या पैशातून वीस किलोपासून पुन्हा सुरुवात केली. दिवाळीच्या आधी कुणाचंही देणं उरलं नव्हतं. आज माझ्याकडे चार बायका काम करतात आणि माल वरच्या मजल्यावर असतो.

तुमच्याही मनात एखादं दुकान, एखादी कार्यशाळा, एखादी खानावळ वर्षानुवर्षं उघडायची राहिली असेल, तर भीती संपायची वाट बघू नका. ती संपत नाही. तिला पातळी द्या. किती गेलं तर इशारा, किती गेलं तर धोका, आणि त्यानंतर काय, हे एका पानावर लिहा आणि घरच्या माणसांना मोठ्यानं वाचून दाखवा. अंधारातली भीती राक्षस असते. वहीतली भीती खर्चाच्या बाजूची एक रक्कम असते.

गाळ काढून झाल्यावर मी अप्पांना तासगावच्या एसटीत बसवलं. पोचल्याचा फोन करायला त्यांना नेहमीपेक्षा उशीर झाला. मी काळजीनं विचारलं, कुठं होता एवढा वेळ? ते म्हणाले, "पेठेतून आलो. ओळखीचे भेटत गेले."