सासूबाईंचा मोगरा

सासूबाई गेल्या आणि त्यांचा मोगरा पिवळा पडू लागला. पाणी कमी पडले, असेच कोणालाही वाटले असते. सूनबाई धास्तीने दोन्ही वेळा पाणी घालू लागल्या; पाने अधिकच गळाली. अखेर कुंडी उपडी केली, तेव्हा काळ्या मातीचा चिकट गोळा निघाला. तळाचे छिद्र बुजलेले, मुळे कुजलेली. झाड तहानलेले नव्हतेच. मुळांचा श्वास कोंडला होता.

त्यांनी कुजकी मुळे छाटली, छिद्रावर खापरी ठेवली. लाल माती, मुरलेले शेणखत व वाळू मिसळून झाड पुन्हा लावले, सावलीत ठेवले. आता बोट दोन पेरे मातीत घालायचे, कोरडे लागले तरच पाणी. भरलेला तांब्या तसाच परत नेणे त्यांना फार जड गेले.

तिसऱ्या आठवड्यात जुन्या फांदीच्या डोळ्यापाशी मोहरीएवढा हिरवा कोंब दिसला.