फोर्टमधला किल्ला कुठे गेला?

‘फोर्टला कामाला आहे,’ असे आपल्यातले हजारो लोक सांगतात. गेली वीस वर्षे मीही सांगतो. परवा माझ्या भाचीने विचारले, “मामा, फोर्ट म्हणजे किल्ला ना? मग तो दिसत का नाही?” बी.कॉम. झालेल्या मामाची फजिती झाली. मग पुस्तके चाळली.

किल्ला होता. टाऊन हॉलच्या मागे, समुद्राला लागून. आज तिथे नौदलाचे ‘आंग्रे’ हे ठाणे आहे. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या धाकाने इंग्रजांची झोप उडाली, त्यांचेच नाव शेवटी त्यांच्या किल्ल्याच्या जागेला लागले!

सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजाने हे बेट खंडाने दिले, ते गार्सिया द ओर्ता या वैद्याला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. किल्ल्याच्या जागी आधी त्याची वाडी होती असे मानतात. तो ज्यू कुळातला. त्याच्या आईवडिलांच्या पिढीला सक्तीने ख्रिस्ती केलेले. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, लपून जुना धर्म पाळते म्हणून त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. सक्तीचे धर्मांतर आणि १९५६ साली नागपूरला स्वेच्छेने घेतलेली धम्मदीक्षा यांतला फरक आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पुढे १६६१ च्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. १६६५ साली ताबा देण्याच्या कागदावर सह्या झाल्या त्या याच वाडीत. तेव्हा तिची मालकीण दोना इग्नेझ दे मिरांडा ही विधवा बाई होती. राजाला बेट परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकले. लग्नात आंदण, मग भाड्याने; बेटावरच्या कोळ्या-भंडाऱ्यांना कोणी विचारले नाही.

कंपनीने वाडीभोवती तट आणि बुरूज उभारून किल्ला केला. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटावर उतरून या किल्ल्याला वर्षाहून अधिक काळ वेढा घातला. कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा तो उठला. मग किल्ल्याबाहेरच्या गावालाही तट आला. त्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट असे तीन दरवाजे होते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा घाबरून तटाभोवती खंदक खणायला घेतला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी दिली. वर्गणीचा आकडा पुस्तकांत सापडतो. टोपल्या वाहणाऱ्यांची नावे सापडत नाहीत.

तोफांचा मारा अडू नये म्हणून तटाबाहेर मोकळे मैदान राखले होते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याचीच उरलेली तुकडी. आपण आझाद मैदानावर धरणे धरून बसतो, ती तोफांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे!

शहर वाढले, तट अडचणीचा झाला. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांनी तो पाडायला लावला, खंदक बुजवला. चर्च गेट होते तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन, म्हणजे आपला हुतात्मा चौक झाला. पाडलेल्या पश्चिम तटाच्या कडेने हॉर्नबी रोड रुंद झाला. तोच आताचा दादाभाई नौरोजी मार्ग. याच मार्गावर बुद्ध भवन आणि आनंद भवन उभी आहेत. बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय इथलेच. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग ठेवले होते. अनेक कारकून त्या वर्गांतून पदवीधर होऊन थेट ऑफिसात गेले. त्यांतला मीही एक. मी ज्या फुटपाथवर धावत असे, त्याच्या कडेला कधी तट होता, हे चाळिशी उलटल्यावर कळले.

मूळ किल्ल्याचा जुना पोर्तुगीज दरवाजा नौदलाच्या आवारात शिल्लक आहे, पण परवानगीशिवाय आत जाता येत नाही. म्हणून भाचीला सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे नेले. तिथे १७६९ च्या सुमारास वाढवलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा उरला आहे. तिने दगडाला हात लावला. म्हणाली, “एवढाच?” मग आम्ही चालत बुद्ध भवनापर्यंत गेलो आणि मी तिला माझ्या वर्गाची खिडकी दाखवली.