आंबटाची देवघेव

गिरगावातील आमच्या चाळीत पाककृतींची जी देवघेव वर्षानुवर्षे चालत आली, तिचा शिरस्ता असा की मागणारीने जिन्नस विचारावे, देणारीने प्रमाण सांगावे आणि त्या प्रमाणामागचे कारण दोघींनीही गृहीत धरावे. हा शिरस्ता मला अपुरा वाटतो. कृती ज्या घरी जाते त्या घरी तोच मासा, तेच मटण आणि तोच ऋतू असेल याची शाश्वती कोणी द्यावी? बाजारात बांगड्याऐवजी तारली येते, कैरीचा हंगाम सरतो, कोंबडी गावठी न मिळता ब्रॉयलर मिळते. अशा वेळी नेमके प्रमाण वहीत असूनही स्वयंपाकीण अडून बसते, आणि जिला कारण ठाऊक असते तिचे भांडे मात्र चुलीवर चढलेले असते.

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या शेजारीण काकू बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे घालीत, आणि सांगताना एवढेच सांगत, ‘‘बी काढून टाक, सालं जराशी ठेच, नि उकळी फुटली की घाल.’’ तिरफळे बांगड्यालाच का आणि पापलेटाला का नाहीत, हे मी आग्रहाने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अगो, बांगडो तेलाचो मासो!’’ त्या चार शब्दांत सगळे शास्त्र होते. बांगडा, तारली, पेडवे हे स्निग्ध आणि गडद मांसाचे मासे. त्यांचा उग्र दर्प सोसेल असाच उग्र सुगंध त्यांच्या जोडीला हवा. पापलेटाच्या नाजूक चवीवर मात्र तिरफळ कुरघोडी करते. एवढे समजल्यावर तारलीसाठी निराळी कृती मागण्याचे प्रयोजनच उरले नाही.

आंबटाचे तर याहून अधिक. मासा पाण्याबाहेर राहिला की त्यात जी वासाची द्रव्ये निर्माण होतात ती अमोनियाच्या जातीची, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाची असतात. आमसुलाचे अथवा चिंचेचे आम्ल त्यांना बांधून टाकते आणि दर्प नाकापर्यंत पोचत नाही. (शिळा मासा याने ताजा होत नाही, हे येथेच स्पष्ट सांगून ठेवते.) म्हणून माशाच्या कालवणात आंबट हवेच, परंतु कोणते, हा प्रश्न केवळ रुचीचा नसून त्या त्या फळाच्या स्वभावाचा आहे. चिंचेचा कोळ रश्श्याला दाटपणा आणि तपकिरी छटा देतो, आमसूल रस्सा पातळच राखते. तेव्हा आमसुलाच्या जागी चिंच घालणारीने वाटण किंचित कमी घ्यावे. बिंबल शिजताना भरपूर पाणी सोडते, त्यामुळे त्या दिवशी पाणी आखडून घालावे. कैरीचा आंबटपणा झाडागणिक निराळा, म्हणून तिची फोड आधी जिभेवर ठेवून पाहावी आणि मगच किती घालायची ते ठरवावे. आंबाड्याचा गर कोयीच्या रेषांना घट्ट धरून असतो. ते ठेचून आणि लवकर घालावे लागते, आमसूल मात्र शेवटी. नारळाचा घट्ट रस असेल तर आंबट पडल्यावर खळखळून उकळी येऊ देऊ नये, रस फाटतो. माझ्या वहीत या एवढ्याशा तपशिलाला कित्येक संपूर्ण कृतींहून अधिक मोल आहे.

याच आंबाड्याने मला फळ आणि मासा यांतील अंतर किती थोडे आहे ते दाखवले. गोव्याकडील उड्डमेथी बांगड्यांची करतात, आणि मासे वर्ज्य असलेल्या वारी तीच आंबाड्यांची अथवा अननसाचीही करतात. उडीद, मेथी, मिरची आणि खोबरे तेच. मेथीचा कडवटपणा आंबटाने आणि गुळाच्या खड्याने सावरायचा असतो, हे त्या पदार्थाचे मर्म. ते ज्या फळात साधते ते फळ तेथे शोभते.

मटणाच्या बाबतीत कोल्हापूरच्या वहिनींशी माझा बराच काळ वाद चालला. त्या कच्ची पपई वाटून मटणाला आधी चोळून ठेवीत. मी ती रश्श्यात घालण्याच्या मताची होते. निर्णय त्यांच्या बाजूने लागला आणि तो योग्यच होता, कारण पपईच्या चिकातील जे विकर मांसाची प्रथिने तोडते ते मुरताना आणि मंद आचेवर काम करते, उकळत्या रश्श्यात मात्र निष्प्रभ होते. ब्रॉयलर कोंबडी मुळातच मऊ, तिला पपईची आवश्यकता नाही. आणि माशाला ती लावली तर त्याचा लगदा होतो. त्याच वहिनींनी एकदा मटणाच्या वाटणात फणसाची कुयरी शिजवली. तंतू जवळजवळ मांसासारखे, पण चरबीचा अंशही नाही. मटण आपली चरबी स्वतःच रश्श्यात सोडते, कुयरीला तेल वरून द्यावे लागते. रत्नागिरीच्या आमच्या ब्राह्मण शेजारणी कुयरी भिजवलेले शेंगदाणे आणि ओले खोबरे घालून करतात. ती भाजी मला या रश्श्याहून श्रेष्ठ वाटते, आणि हे मत वहिनींनाही मी सांगितले आहे.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा सुकट, सोडे आणि खारे बोंबील यांची पाळी. सुकटीत उन्हाळ्यात साठवलेल्या आठळ्या घालाव्यात. त्या पिष्टमय असल्याने तिचा खारटपणा सौम्य लागतो.

छापील ग्रंथांचे ऋण मी नाकारीत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 1910 सालच्या ‘गृहिणी-मित्र’ने हजार पाकक्रिया एका जिल्दीत आणल्या, आणि कमलाबाई ओगले यांच्या 1970 सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन नवशिक्या मुलींना धीर दिला. परंतु ग्रंथकर्तीला वाचकाच्या पिशवीत आज काय आले आहे ते दिसत नाही, शेजारणीला दिसते. हा तिचा अधिकार तिने प्रमाण सांगण्यातच खर्च करू नये.

म्हणून माझी विनंती एवढीच की, यापुढे कोणालाही कृती लिहून द्याल तेव्हा शेवटी तीन ओळी अधिक लिहाव्यात: आंबट कोणते, ते कशासाठी, आणि ते न मिळाल्यास दुसरे काय घालून पाण्यात वा वाटणात कोणता फेर करावा.