न दिलेल्या लसीची रिअ‍ॅक्शन

त्या मुलीला लस दिलीच नव्हती. हे मी तिच्या आईला सांगितलं, सरपंचांना सांगितलं, तालुक्याच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि गावात आजही ती 'लसीनं आजारी पडलेली पोरगी' म्हणूनच ओळखली जाते. इतकी वर्षं झाली, पण माझा संताप जिथल्या तिथे आहे.

मी आरोग्य सेविका. मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात काम करते. राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली ती २७ नोव्हेंबर २०१८ला. नऊ महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल, आधी लस झालेली असो वा नसो, सगळ्यांना एक जादा डोस. सुरुवात शाळांपासून. फेब्रुवारी २०१७मध्ये तमिळनाडू, कर्नाटक, गोव्याकडे मोहीम झाली होती, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आमच्या लशीच्या आधीच गावात हजर होते. मुलांना पुढे मूलबाळ होणार नाही, लस परदेशातून आलीय, अमुक शाळेत इतकी मुलं दगावली. लस पुण्यात तयार होते, हे सांगून कुणाला पटत नव्हतं. तरी आमच्या आशाताईंनी घरोघर फिरून बहुतेक सह्या आणल्या होत्या.

सत्र शाळेच्या हॉलमध्ये होतं. एका दारानं वर्ग आत, टेबलापाशी नाव, मग सुई, मग डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करची खूण, आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडून अर्धा तास सतरंजीवर बसायचं. ही खूण महत्त्वाची. ज्याच्या नखावर खूण नाही त्याला लस मिळालेली नाही, इतका सरळ हिशेब. तिसरीचौथीची मुलं रडून मोकळी झाली. सातवीच्या मुली रडत नव्हत्या, एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांच्या पुढची एक जण सुई लागताच किंचाळली आणि रांगेतली पाचवी-सहावी मुलगी धाडकन खाली पडली.

मी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून धावले. तिला आडवं केलं, पाय उचलून दप्तरावर ठेवले, गळ्याचं बटण सैल केलं. नाडी मंद होती, पण लागत होती. मिनिटाभरात तिनं डोळे उघडले. "काही खाऊन आलीस का गं?" म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाली. घाबरून, उपाशीपोटी, रांगेत उभं राहून मुलं अशी पडतात. शाळेतल्या सत्रात, विशेषतः या वयाच्या मुलींमध्ये, हे जगभर दिसतं, आणि एक पडली की आणखी दोघीतिघींना गरगरतं. तसंच झालं. आम्ही त्या दोघींनाही पाणी देऊन आडवं केलं.

एवढ्यात हॉलच्या खिडकीतून कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. मुलीचा चुलता मोटरसायकल घेऊन आला. "आमचे डॉक्टर वाटेत आहेत, दहा मिनिटं थांबा, ती बरी आहे," असं मी हात जोडून म्हणत होते. तो थांबला नाही. तिला मध्ये बसवलं आणि बाजारातल्या खासगी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. ते मी समजू शकते, घाबरलेल्या नातेवाइकांना बाटली लावलेली दिसली की बरं वाटतं. पण केसपेपरवर त्यांनी लिहिलं: 'पोस्ट व्हॅक्सिनेशन रिअ‍ॅक्शन'. तीन शब्द आणि खाली सही-शिक्का. मुलीच्या अंगठ्याकडे बघितलं नाही, दंडाकडे बघितलं नाही, मला किंवा शाळेला एक फोन केला नाही. त्या कागदाचा फोटो आणि खिडकीतला व्हिडिओ एकत्र जोडून दुपारी तालुकाभर फिरला. संध्याकाळपर्यंत मजकुरात 'दगावली' आलं होतं. ती मुलगी तेव्हा घरी बसून भात खात होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात गेले. सोबत नोंदीचा तक्ता होता, तिच्या नावापुढची जागा कोरी होती. तिचं कार्डही भरलेलं नव्हतं. म्हटलं, "सर, या मुलीपर्यंत सुई पोचलीच नाही. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की तपासणीच्या वेळी लस घेतलेली नव्हती." त्यांनी तक्ता नीट बघितला. त्यांना पटलं होतं, ते चेहऱ्यावरून कळत होतं. मग म्हणाले, "नातेवाइकांनी सांगितलं ते मी लिहिलं. आता बदललं तर ते उद्या माझ्या दारात उभे राहतील. सिस्टर, तुमची सरकारी नोकरी आहे. मला इथंच दवाखाना चालवायचाय."

या उत्तरावर काय बोलायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही. ते खोटारडे नव्हते. गोवराची मुलं त्यांनी माझ्याहून जास्त तपासली असतील. रुबेला गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाच्या हृदयाचं, डोळ्यांचं, कानांचं काय होतं हे ते शिकून आले होते. अडाणी माणसानं फॉरवर्ड केलेला मेसेज मी समजून घेईन. शिकलेल्या माणसानं ठाऊक असून गप्प बसणं मला समजून घेता येत नाही.

याच्याही पुढचा भाग मला जास्त झोंबतो. लसीकरणानंतर मुलाला काही त्रास झाला तर आमच्याकडे त्याची रीतसर पद्धत आहे. फॉर्म भरायचा, वर कळवायचं, जिल्ह्याची समिती तपास करते. मी तो फॉर्म मागितला तर वरून उत्तर आलं, लसच दिली नाही, तर रिपोर्ट कशाचा करणार? नियमानं ते बरोबरच होतं. पण त्यामुळे झालं असं की सरकारदरबारी त्या दिवशी काही घडलंच नाही, आणि घडलेल्याचा एकुलता एक कागद गावात राहिला तो खोटा. खुलासा द्यायचा तर तो वरिष्ठांनीच द्यायचा, कर्मचाऱ्यांनी कुणाशी बोलायचं नाही, अशी तोंडी सूचना आली. खुलासा आला तो उशिरा, आणि त्यात आमच्या शाळेचं नावसुद्धा नव्हतं: 'अफवांवर विश्वास ठेवू नये.' अहो, कोणत्या अफवेवर? माणसं विचारत होती, आमच्या पोरीला काय झालं? त्याचं उत्तर मला येत होतं आणि मला गप्प बसवलं होतं.

मार खाल्ला तो आशाताईनं. मी संध्याकाळी माझ्या गावी जाते, ती त्याच गल्लीत राहते. दळणाला गेली तर बायका उठून जायच्या. तिच्या सासूनं "हे काम सोड" म्हणून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. ज्या घरांतून तिनं सह्या आणल्या होत्या, त्यांतली काही घरं पोराबाळांच्या नेहमीच्या लसीलाही यायची थांबली. गोवराच्या अफवेनं पेंटाव्हॅलंटचे डोस चुकले. या नुकसानाची मोजदाद कुणी करत नाही.

मुलीच्या आईनं तो केसपेपर लॅमिनेट करून ठेवलाय. मागच्या वर्षी तिच्याकडे गेले होते. मुलगी आता वीस-एकविशीची, स्थळं बघणं चाललंय. म्हटलं, लग्नाआधी रुबेलाची लस खासगीत तरी घेऊ या, घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत एवढंच पथ्य. आई आत गेली आणि तो कागद घेऊन आली. "सिस्टर, तिला सोसत नाही ती सुई. डॉक्टरांनीच लिहिलंय."

मोहिमेच्या त्या दिवसांत एक म्हातारे गृहस्थ मला पारावर भेटले. नातवाला लस द्यायला त्यांचा ठाम नकार. सोबतच्या तरुण पर्यवेक्षकानं त्यांना वैज्ञानिक माहितीचं पत्रक वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "आणीबाणीत आमच्या चुलत्याला बाजारातून जीपमध्ये घातलं आणि नसबंदी करून सोडलं. एकच पोरगी होती त्याला. तेव्हापण सरकारी माणसं चांगल्यासाठीच सांगत होती." त्या काळात सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या राज्याच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं, हे त्या पर्यवेक्षकाला माहीत नव्हतं. 'लसीनं मूल होणार नाही' ही अफवा मोबाइलमधून आली असेल, पण या माणसाच्या घरात तिला बसायला पाट आधीच मांडलेला होता. मी पत्रक बाजूला ठेवलं आणि त्या चुलत्याचं पुढे काय झालं ते विचारलं. बराच वेळ ऐकलं. नातवाला त्यांनी त्या दिवशी आणलं नाही. सुनेनं नंतर बाहेरगावच्या सत्रात नेऊन लस दिली, ते त्यांना ठाऊक होतं आणि ते काही बोलले नाहीत.

उलट एक शिक्षक जोडपं होतं, शिकलेलं, त्यांना स्वमग्नतेची भीती. ज्या निबंधातून ती भीती निघाली तो १९९८ साली बारा मुलांवरून लिहिलेला होता, लॅन्सेटनं तो २०१०मध्ये मागे घेतला, लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्डचं नाव ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं, हे सगळं मी पाठ करून गेले होते. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग माझ्या भाच्याला तसं का झालं?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. नाही, असंच सांगितलं. मला वाटतं, त्या 'नाही'मुळेच बाईंनी धाकटीला आणलं.

प्रशिक्षणात आम्हाला शंकांची उत्तरं शिकवतात. उत्तरं हवीतच. पण त्याहून जास्त उपयोगाचं आहे ते आधी सांगणं. सुई टोचण्याआधी आईला सांगा की ही कुठली लस, आज रात्री ताप येऊ शकतो, गोवराच्या लसीनंतर आठवडा-दहा दिवसांनी थोडं अंग तापेल, बारीक पुरळही दिसेल, ते आपसूक जातं, आणि नाही गेलं तर हा माझा नंबर. आधी सांगितलेला ताप आला की आई म्हणते, सिस्टर बोलल्या होत्या. न सांगता आला की ती शेजारणीला विचारते. गर्दीच्या सत्रात हे चार शब्द सगळ्यांत आधी गळतात, कारण वर कळवायचा असतो तो आकडा.

आणि चूक झाली तर चूक म्हणा. जानेवारी २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. त्यानंतर आमच्या बूथवर एक आजी म्हणाल्या, "बाटली दाखव." आमच्यातल्या एकीला ते अपमानाचं वाटलं. मी म्हटलं, दाखवू या ना! बाटली, लेबल, तारीख, सगळं त्यांच्या हातात दिलं. २०१८च्याच जुलैमध्ये सामोआ नावाच्या छोट्या बेटदेशात लस विरघळवायच्या पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं गेली. लस निर्दोष होती. पण लसीकरण कित्येक महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि पुढच्या वर्षी गोवराच्या साथीत तिथे ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. सगळी वस्ती दोनेक लाखांची. हे वाचलं तेव्हा मला आमची ती कोरी राहिलेली फाइल आठवली.

सक्तीबद्दल मात्र माझं मन एका जागी राहत नाही. मोहिमेत एका मुख्याध्यापकांनी "सही आणली नाही तर वर्गात बसायचं नाही" असं मुलांना बजावलं होतं. मी त्यांच्याशी भांडले. पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय शाळेत लस देऊ नये असं जानेवारी २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही म्हटलं, तेव्हा मला बळ आल्यासारखं झालं. पण २०२२च्या शेवटी गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला, मुलं गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा मी रात्री जुनं रजिस्टर काढून बसले. त्या मुख्याध्यापकांच्या दटावणीनं झालेल्या प्रत्येक नावावरून बोट फिरवताना मला आनंदच झाला. हे दोन्ही मला एकाच वेळी वाटतं आणि मी त्यातलं एकही सोडायला तयार नाही.

त्या डॉक्टरांचंही तसंच. २०२१मध्ये कोविडच्या लसीला गाव येईना. आम्ही दवंडी दिली, घरं पालथी घातली. मग याच डॉक्टरांनी आमच्या केंद्रात येऊन सगळ्यांसमोर बाही वर केली, आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला "तुझी झाली का?" असं विचारायला लागले. पंधरवड्यात रांग लागली. आमच्या महिन्यांच्या पायपिटीनं जे झालं नाही ते त्यांच्या एका प्रश्नानं झालं. मला त्याचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण हेच त्यांना २०१८मध्ये करता आलं असतं.

मी आभार मानायला गेले. जाताजाता त्या मुलीचं विचारलं, तो कागद आता तरी बदलून द्याल का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "कोणती मुलगी?" त्यांना खरोखर आठवत नव्हतं. मी पुन्हा सगळं सांगितलं. आईला घेऊन या, बघू, म्हणाले. आई अजून आलेली नाही. मी दर महिन्याला सत्राच्या आधी राहिलेल्या मुलांची यादी त्यांच्या कंपाउंडरकडे देते, आणि त्यातल्या कुणाचं मूल दवाखान्यात आलं की डॉक्टर विचारतात.